तोंड नसलेली पेटी

१

“चोराला वस्तू लपवता येते, स्वतःला लपवता येत नाही!” तात्यांनी जाहीर केलं आणि ते ओल्या सरसावर बसले.

हे वाक्य त्यांनी बरीच वर्षं सांभाळून ठेवलं होतं. विमा कंपनीत दावे तपासण्याच्या नोकरीत ते वापरायची वेळच आली नाही. तिथे आरोपी म्हणून बहुधा उंदीर असत, नाहीतर गळके नळ, आणि नळाला उद्देशून असं काही बोलणं तात्यांना शोभलं नसतं. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी कामावर जावं तसे ताईच्या कारखान्यात येऊन बसत. ताई लाकडी पेट्या करायची. त्या कशा कराव्यात ते तात्या सांगायचे. दोघांचंही काम उत्तम चाललं होतं, कारण ताई ऐकत नसे.

“तात्या, आता हलू नका,” ताई म्हणाली. “त्या स्टुलाची वरची फळी आत्ताच चिकटवलीय. वर ठेवायला वजन शोधतच होते मी.”

तेव्हा तात्या वजन म्हणून बसून राहिले. मोठमोठे तपास बसूनच सुरू होतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

समोर दारात कप्तान उभे होते. कप्तान जहाजावरून निवृत्त झाले होते, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात निळ्या मखमलीची उघडी डबी. डबीत घड्याळाच्या आकाराचा गोल खळगा आणि त्या खळग्यात काहीही नाही.

“लेकीला दाखवायला म्हणून आत्ता डबी उघडली, तर ही अशी!” कप्तान गरजले. “परवा इथूनच घेऊन गेलो होतो. म्हणजे इथेच काढून घेतलं कोणीतरी!”

“काय काढून घेतलं, ते नीट सांगा. नोंद व्हायला हवी,” तात्या म्हणाले. नोंद करायला त्यांच्याकडे कागद नव्हता. पण बोलण्यात वजन आलं, आणि स्टुलाला तेवढंच हवं होतं.

चोरी कशाची ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कप्तानांनी ताईकडे ह्युमिडॉर करायला टाकला होता. कारखान्यात त्याला सगळे चिरूटपेटी म्हणत. चिरूट कोरडा पडला तर भुगा होतो आणि जास्त भिजला तर बुरशी धरतो. तान्ह्या बाळाच्या वरताण त्याचे नखरे. म्हणून बाहेरून शिसवी, आतून सीडरच्या सुवासिक फळ्यांचं अस्तर आणि झाकणाला आतल्या बाजूने हवेतला दमटपणा दाखवणारा काटा, अशी ती पेटी. कप्तानांच्या बायकोचं चांदीचं बंद पडलेलं घड्याळ होतं. ती गेल्यावर त्यांनी सोनाराकडून त्या घड्याळाचं पोट रिकामं करून त्यात हा काटा बसवून घेतला होता आणि पाठीला एक चिमुकला पण भारी हट्टी लोहचुंबक.

“तिने जन्मभर माझ्या धुरावर नजर ठेवली,” पेटी करायला टाकताना कप्तान म्हणाले होते. “आता चिरुटांवर ठेवील.” हे वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं होतं, म्हणजे फक्त शेजारच्या दोन दुकानांत ऐकू गेलं.

“संध्याकाळपर्यंत काटा मिळाला नाही, तर मी पोलिसात जाणार,” कप्तान म्हणाले. “आणि पोलिसांनी सुरुवात कुठून करावी, हेही मीच सांगणार.”

ते पाहत होते चमक्याकडे. चमक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पॉलिश करायचा म्हणून ते नाव. चमक्याच्या हातातलं फडकं थांबलं. ताईने मान खाली घातली, आणि तेच तात्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

२

चमक्याची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. पत्त्यांच्या नादात त्याने एकदा वडिलांचे रंधे विकले होते. ताईने ते शोधून परत आणले, भिंतीवर जागच्या जागी टांगले आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चमक्या म्हणायचा. त्यानंतर त्याने पत्त्याला हात लावला नव्हता. आता कुठे गेल्या वर्षी ताईने कारखान्याची एक किल्ली त्याच्याकडे दिली होती. पोलीस आले, तर ती किल्ली आणि तो भाऊ, दोन्ही तिच्या हातून जाणार होते.

“परवा काय घडलं, ते पहिल्यापासून सांगा,” तात्यांनी कप्तानांना फर्मावलं.

“तुम्ही होतात की तिथे!”

“होतो. पण साक्षीदार म्हणून नव्हतो, क्लॅम्प धरायला होतो.”

कप्तानांनी हुंकार दिला. “पेटी जोडायचा दिवस होता. या बाई म्हणाल्या, काटा घेऊन या, अस्तराला केवढं भोक पाडायचं त्याचं माप घेते. मी आलो. जावईबापू गाडी चालवत आले. काटा सगळ्यांच्या हातून फिरला. बाईंनी माप घेतलं. या पोराने फडक्याने पुसला. तुम्ही तळहातावर तोलून त्याचा विमा किती होईल ते सांगितलंत.”

“कमीच सांगितला होता,” तात्या म्हणाले.

“मग तो टेबलावर ठेवला. तेवढ्यात यांनी सरस लावायला घेतला आणि एकदम ओरडल्या.”

“ओरडावंच लागतं,” ताई म्हणाली. “सरस लावला की थांबत नाही तो कोणासाठी. टेबल मोकळं करा म्हटलं, आणि फळ्या आवळून धरायला सगळ्यांना एकेक क्लॅम्प दिला. चार बाजू, तळ, वरची फळी, सगळं एका दमात बसवावं लागतं.”

“म्हणजे त्या गडबडीत काटा टेबलावरून कोणी उचलला?”

“मी!” कप्तान म्हणाले. “मीच उचलून डबीत ठेवला असणार.”

“असणार?”

“जहाजावर माझी एक सुई कधी इकडची तिकडे झाली नाही. डबी खिडकीत होती. ती मी घरी नेली. म्हणजे काटा तिच्यात होताच!”

“रिकामी डबी हलकी लागली नाही?”

“ती डबी काटा नसतानाही धोंड्यासारखी आहे.”

बोलता बोलता कप्तान टेबलाशी आले होते. तिथली सरसाची बाटली त्यांनी फळीवरच्या खाचेत बसवली, सुटी पटाशी तिच्या खोबणीत खोचली आणि मग पेटी दोन्ही हातांनी उचलली. पेटी सुंदरच झाली होती, पण होती सहा बाजूंनी बंद. कप्तानांनी ती उलटी केली, आडवी केली, पुन्हा सुलटी केली. पेटी गप्प.

“आणि हिला तोंड कुठे आहे? की तेही चोरीला गेलं?”

“तोंड मागाहून,” ताई म्हणाली. “आधी अख्खी पेटी बंद चिकटवायची. बाहेरून घासूनपुसून घ्यायची. मग करवतीने वरचा भाग कापून वेगळा करायचा, ते झाकण. म्हणजे लाकडाच्या रेघा झाकणावरून खाली सरळ उतरतात, कुठे तुटत नाहीत. काटा धरायला पातळ पत्र्याची चकती मात्र आधीच मारून ठेवलीय आतून.”

“ठीक आहे, ठीक आहे,” कप्तान म्हणाले आणि जायला वळले. वळले ते थबकले. त्यांचा चेहरा लाल झाला.

“माझी काठी! आता काठीसुद्धा गेली! भरदिवसा, माझ्या डोळ्यांदेखत!”

३

काठी टेबलाच्या शिकंज्यात सापडली. चांगली आवळून बसवलेली होती. तात्यांनी मूठ फिरवून ती सोडवली.

“कोणाचा हा चावटपणा?” कप्तानांनी विचारलं.

तात्यांनी हे मनात टिपून ठेवलं. मनात टिपलेल्या गोष्टी नंतर सापडत नाहीत हा त्यांचा नेहमीचा अनुभव होता. पण आज इलाज नव्हता.

कप्तानांचे जावई दुपारी आले. ते डॉक्टर होते आणि सासऱ्यांनी चिरूट सोडावेत म्हणून लग्नापासून झटत होते. तात्यांनी त्यांना खिडकीशी नेलं, खिडकी बंद केली, उकडतंय म्हणून पुन्हा उघडली आणि मग बाण सोडला.

“डॉक्टर, तुम्हाला ही पेटी नकोच होती. काटा नाही तर पेटी नाही, पेटी नाही तर चिरूट नाही. काटा तुम्ही घेतलात!”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “तात्या, पेशंटचा थर्मामीटर लपवला तर ताप उतरतो का?”

तात्यांनी खिडकी पुन्हा बंद केली.

“काटा नसला तर बाबा चिरूट सोडणार नाहीत. वाळलेले ओढतील, आणि मग जास्त खोकतील. आणि दुसरं, त्या दिवशी माझे दोन्ही हात क्लॅम्पवर होते. शेवटी सरस वाळून हातच क्लॅम्पला चिकटले. कोमट पाणी कोणी ओतलं माझ्या हातांवर?”

“मी,” तात्या म्हणाले.

“आणि गाडीपर्यंत कोणी सोडलं?”

“मीच.”

“खिसे तपासलेत?”

“तुम्ही किल्ली काढून द्या म्हणालात, तेव्हा दोन्ही खिशांत हात घातला होता,” तात्यांनी नाइलाजाने कबूल केलं. आरोपीच्या निर्दोषपणाचा एकमेव साक्षीदार स्वतः तपास अधिकारीच निघावा, असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता.

आता वजाबाकी सुरू झाली. डॉक्टर यादीतून गेले. ताई स्वतःच्या कारखान्याला स्वतः आग लावणार नाही. तात्यांनी क्षणभर स्वतःवरही संशय घेऊन पाहिला, तटस्थपणे. पण स्वतःचे जबाब त्यांना पटले. कप्तान फिर्यादी. राहिला एक.

वजाबाकी बरोबर होती, तरी ती तात्यांना अजिबात आवडली नाही. चमक्याला विचारावं म्हणून ते मागच्या खोलीकडे गेले, आणि दारातच थांबले.

ताई जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर चमक्याची पिशवी उलटी केलेली होती: कंगवा, जुना शर्ट, अर्धा बिस्किटाचा पुडा. ताईचा हात पिशवीच्या तळाशी आत, अगदी शिवणीपर्यंत गेलेला. आणि दुसऱ्या दारात चमक्या उभा होता.

“सापडलं का काही, ताई?” त्याने विचारलं.

ताईला हात बाहेर काढता येईना.

चमक्याने खिशातून कारखान्याची किल्ली काढली, पॉलिशच्या डब्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

“पळाला!” बाहेरून कप्तानांचा आवाज आला. “पाहिलंत? पळाला!”

४

पळालेला आरोपी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात चहा पीत बसला होता. तात्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि एक चहा सांगितला.

“पळून जायला एवढीच जागा सापडली?”

“पैसे घरी राहिले. चहा उधार देतात तेवढीच जागा आहे,” चमक्या म्हणाला. मग त्याने कप बशीत दोनदा फिरवला. “पोलिसांनी पिशवी बघितली असती तर चाललं असतं, तात्या.”

“तिला बघायचं नव्हतं रे. तिला बघून झाल्यावर ‘नाही’ म्हणायचं होतं.”

“मग बघायच्या आधी म्हणायचं ना.”

तात्यांनी आयुष्यभर साठवलेल्या वाक्यांत एकही या जागी बसणारं नव्हतं.

“परवाचं सांग,” ते शेवटी म्हणाले. “पेटी जोडताना तू कुठे होतास?”

“टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. वरची फळी माझ्या समोर उभी करून ठेवली होती. चांगला चेहरा माझ्याकडे, खडबडीत बाजू कप्तानसाहेबांकडे. ताईने हाक मारली, तशी उचलली आणि वर ठेवली.”

“उचलताना मागची बाजू पाहिलीस?”

“मागची कशाला बघू? मी पॉलिशवाला. लाकडाला मागची बाजू असते हे मला कोणी सांगितलं तर खरं वाटत नाही.” तो कसनुसा हसला. “चांगली बाजू तरी कुठे धड राहिलीय! सगळे आळ माझ्यावर, आता झाकणावरचा तो डागसुद्धा माझ्याच नावावर जाणार.”

“कसला डाग?”

“काल पेटीवर पॉलिशच्या आधीचा सीलरचा पहिला हात मारला. वाळल्यावर तारेच्या घासणीने घासला. तुमच्या भांडी घासायच्या घासणीसारखीच, फक्त केसासारखी बारीक. तिचा काळा भुगा पडतो. पुसला की जातो. पण झाकणाच्या बरोबर मध्ये जात नाही. पुसला की पुन्हा जमतो. गोल, रुपयाएवढा. फुंकर मारली तर उभा राहतो, मांजराच्या केसांसारखा, आणि पुन्हा बसतो. लाकडातच काहीतरी दोष असणार.”

“बरोबर मध्ये? जिथे आतून चकती मारलीय तिथे?”

“हो. पातळ पत्र्याची. मीच मारलीय.”

“चकती लोखंडाची. तुझा भुगा लोखंडाचा.”

“हो, म्हणूनच चिकटत असेल. लोखंडाला लोखंड.”

तात्या उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. दुकानदाराने हिशोबासाठी मान वर केली.

“चमक्या,” तात्या म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज जाहीर करण्याचा नव्हता, साधाच होता. “तुमच्या भिंतीवर करवत टांगलीय. शेजारी खिळ्यांचा डबा. कधी एखादा खिळा उडी मारून करवतीला चिकटलाय?”

चमक्या कप तसाच ठेवून उठला.

“चल,” तात्या म्हणाले. “आणि त्या दुकानदाराला सांग, माझाही चहा तुझ्याच नावावर मांडायला.”

५

कारखान्यात कप्तान पोलिसात जायला काठी शोधत होते. ती या वेळी पाण्याच्या पाइपामागे नीट अडकवलेली होती.

“बसा कप्तान,” तात्या म्हणाले. “काटा सापडलाय.”

“कुठे आहे?”

“या खोलीत आहे. परवापासून बाहेर गेलेलाच नाही. चमक्या, घासणी घे आणि झाकणावर चोळ.”

चमक्याने चोळलं. काळा भुगा उडाला, आणि झाकणाच्या मध्ये गोल जमून बसला. डॉक्टर चष्मा वर करून वाकले. तात्यांनी फुंकर मारली. भुगा शहारला आणि जागचा हलला नाही.

“आत साध्या लोखंडाची चकती आहे,” तात्या म्हणाले. “साधं लोखंड लोखंडाला धरत नाही. धरायला लोहचुंबक लागतो. ताई, या पेटीत तू लोहचुंबक बसवलास?”

“नाही. चुंबक फक्त त्या काट्याच्या...” ताईचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिने पेटीकडे पाहिलं, मग भावाकडे.

“अशक्य!” कप्तान म्हणाले. “हिला तोंडच नाही! मी स्वतः उलटीपालटी केली, आत काही वाजलं नाही!”

“वाजेल कसं? सुटं असेल तर वाजेल. तो चकतीला बिलगून बसलाय.”

“मग कापा! आत्ताच्या आत्ता कापा!”

“थांबा,” ताई म्हणाली. तिने पेटीवर हात आडवा धरला. “काटा आत असेल, तर तो झाकणाच्या फळीखाली लोंबतोय. आणि करवत जाणार तिच्याखालून. काटा किती जाड आहे? कापायच्या रेघेच्या खाली उतरला असेल, तर चांदीवरून जाईल करवत.”

कप्तान खाली बसले. त्यांनी कधी नव्हे ते बारीक आवाजात विचारलं, “तिचं घड्याळ कापलं जाईल?”

“अस्तराच्या भोकाचं माप घेतलं, पण जाडी घेतली नव्हती मी.”

मग तात्यांनी कप्तानांच्या मांडीवरची मखमलीची डबी उचलली. “ज्याच्या मापाचा खळगा आहे, त्याची जाडी तो खळगा सांगेलच की.”

ताईने पट्टीचं टोक खळग्यात टेकवलं, बोटाच्या नखाने जाडी धरली, वरच्या फळीची जाडी सोडून तेच नख पेटीच्या कडेला लावलं. झाकण कापायची रेघ नखाच्या किंचित खाली होती. अगदी किंचित.

“यंत्राची करवत नको,” ती म्हणाली. “थरथरते. हातकरवत दे.”

शब्द कोणाला उद्देशून होते ते तिने सांगितलं नाही. चमक्याने भिंतीवरची बारीक दातांची करवत काढून तिच्या हातात दिली आणि पेटी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली.

करवत चालू लागली. पहिली बाजू गेली, दुसरी गेली. शिसवीचा गडद भुसा टेबलावरून जमिनीवर ओघळू लागला. कप्तानांनी डोळे मिटून घेतले. तिसरी बाजू गेली. चौथी बाजू निम्मी झाली, आणि करवत कर्रकन कशावर तरी अडली.

६

“चांदी!” कप्तान ओरडले.

ताईने करवत सोडली नाही. वाकून फटीला डोळा लावला, मग वास घेतला.

“सरस आहे,” ती म्हणाली. “कोपऱ्यात वाळून दगड झालाय. डॉक्टर, तुमचाच कोपरा. एवढा दाबतात का कोणी?”

“मला वाटलं रक्तस्राव थांबवायचाय,” डॉक्टर म्हणाले.

आणखी थोडी करवत, आणि झाकण सुटं झालं. ताईने ते उचललं नाही. ती बाजूला झाली आणि मानेने चमक्याला खूण केली.

चमक्याने झाकण उचललं आणि उलटं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने लाकडाची मागची बाजू इतक्या निरखून पाहिली असेल. चकतीला पाठ लावून, चांदीचं घड्याळ तिथे बसलं होतं. ओरखडाही नव्हता. वर भुशाची बारीक पूड, आणि पुडीखाली काटा इमानाने आतला दमटपणा दाखवत होता. कोणी बघत नसताना परवापासून त्याने आपली नोकरी सोडली नव्हती.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. एकच वाजवली, मग आपण डॉक्टर आहोत हे आठवून थांबले. पण ताई हसली आणि मग सगळेच हसले. शेजारच्या दुकानातले दोघे काय झालं म्हणून डोकावून गेले.

“पण आत ठेवला कोणी?” कप्तानांनी विचारलं. “हा प्रश्न राहतोच. कोणी मुद्दाम...”

“कप्तान,” तात्या म्हणाले, “तुमची काठी कुठे आहे?”

कप्तानांनी इकडेतिकडे पाहिलं. काठी त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागच्या दोन पट्ट्यांत आडवी खोचलेली होती. त्यांना ती तिथे खोचताना डॉक्टर, ताई आणि चमक्या अशा तिघांनी पाहिलं होतं. फक्त कप्तानांनी पाहिलं नव्हतं.

“सकाळी शिकंज्यात, दुपारी पाइपामागे, आता इथे. सरसाची बाटली खाचेत, पटाशी खोबणीत. जन्म समुद्रावर गेला तुमचा. वादळात सुटी वस्तू म्हणजे जिवाशी गाठ. ताई ओरडली, टेबल मोकळं करा! तुमच्या हातात काटा. समोर फळी उभी, खडबडीत बाजू तुमच्याकडे, आणि तिच्यावर चकती. हाताने विचारसुद्धा केला नाही. सुटी वस्तू अडकवून मोकळा झाला. घराला कुलूप लावल्याचं आपल्याला कुठे आठवतं? तसं.”

“आणि मी फळी उचलली,” चमक्या हळूच म्हणाला, “चांगल्या बाजूकडे बघत.”

कप्तान उठले, कोट सरळ केला, चमक्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि त्यांनी त्याला कडक सलाम ठोकला. चमक्याच्या दोन्ही हातांत झाकण होतं. त्यामुळे त्याने झाकणासकट सलाम केला.

“माझी चूक झाली,” कप्तान म्हणाले. हे त्यांनी पूर्ण आवाजात म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि मुद्दामच म्हटलं. “या पेटीसारखी पेटी माझ्या प्रत्येक दोस्ताच्या घरी गेली पाहिजे. जेवढे चिरूट ओढणारे कप्तान अजून जिवंत आहेत, तेवढ्या पेट्या!”

“लवकर सांगा त्यांना,” डॉक्टर म्हणाले.

ताई पॉलिशच्या डब्याशी गेली. वरची किल्ली उचलली, पदराला पुसली. चमक्याच्या शर्टाच्या खिशात तिने ती टाकली आणि खिसा वरून थोपटला.

“उद्या मला उशीर होईल यायला,” ती म्हणाली. “कारखाना तू उघड.”

“कशाने उशीर होणार?”

“होईल कशानेतरी. तू उघड.”

चमक्या झाकणाच्या चांगल्या बाजूवरून फडकं फिरवत राहिला. काटा काढून घेतला होता, डाग एका हातात पुसला गेला. तरी तो पुसतच राहिला.

तात्या हे सगळं स्टुलावर बसून पाहत होते. त्यांचा ऊर भरून आला होता. आयुष्यभराच्या उंदरांचा, गळक्या नळांचा आणि जळालेल्या पंख्यांचा आज हिशोब चुकता झाला होता. खोलीतले सगळे त्यांच्याकडे वळले. कप्तानांनी काठी काखेत धरून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. डॉक्टर म्हणाले, “तात्या, मानलं तुम्हाला.” तात्यांनी घसा साफ केला. अशा क्षणी चार शब्द बोलणं हा तपासनिसाचा हक्कच नव्हे, तर कर्तव्य असतं.

“मंडळी,” त्यांनी हात उंचावून सुरुवात केली, “मानवी बुद्धीपुढे बंद अशी पेटी या जगात...”

“तात्या,” ताई झाडू घेऊन समोर उभी होती, “पाय जरा वर घ्या ना. खालचा भुसा काढायचाय.”